बारीक दोरा

माझ्या भावाचे पुढचे दोन दात पडले आणि मला भाऊ मिळाला. हसू नका, खरं तेच सांगतेय. त्याआधी भाऊ होता, पण कागदोपत्री. आई गेल्यापासून वर्ष-वर्ष तोंड दिसायचं नाही. फोन केला की "कामावर आहे ताई, नंतर करतो." तो नंतर कधी उजाडायचा नाही. मी शहराच्या ह्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत, तो त्या टोकाला एका खोलीत. त्याने लग्न केलं नाही, माझं झालं आणि पाच वर्षांत संपलं. दोघंही एकेकटे, तरी एकमेकांकडे जायला आम्हाला निमित्त लागायचं. काही घरं असतात अशी. नुसतं "आठवण आली म्हणून आले" असं म्हणायला आमच्यात कुणाची जीभच वळत नाही.

तो वायरमन आहे. अंगाने काडी, म्हणून लहानपणापासून सगळे त्याला पैलवान म्हणतात. मोठमोठ्या हॉलमध्ये वायरी टाकायची कामं करतो. गोदामं, छापखाने, असल्या जागा, जिथे छप्पर चाळीस फुटांवर असतं आणि खाली शिडी उभी करायला बोटभर जागा नसते. तिथे वायर छपराच्या लोखंडी कैच्यांवरून पलीकडे न्यायची कशी? पैलवानाची युक्ती म्हणजे बेचकी. पोरं झाडावरची फळं पाडायला वापरतात, तीच. शिशाच्या गोळीला मासे पकडायची तंगूस बांधायची, नेम धरायचा आणि गोळी कैचीवरून पलीकडे सोडायची. गोळी खाली उतरली की तंगुसाला सुतळी बांधायची, सुतळीला वायर, आणि मग ओढत राहायचं. नवीन मालक आधी फिदीफिदी हसतात. पंधरा मिनिटांत वायर छपराला लटकताना बघितली की गप्प होतात.

आता बेचकीला रबर लावायचं म्हटलं तर लोकांच्या नाना तऱ्हा. कुणी बेचकीच्या दोन्ही फाट्यांना, म्हणजे शिंगांना, भोक पाडतात, रबर त्यातून ओवतात आणि मागे गाठ मारतात. ते भोकाच्या कडेला घासून तिथेच चिरतं. कुणी शिंगाच्या टोकाला खाच पाडून रबर खाचेत दाबून बसवतात. ते कधी दगा देईल सांगता येत नाही. कुणी सरळ चुका ठोकतात, त्यांच्याबद्दल मी बोलतच नाही. खरी पद्धत आमची. रबराची पट्टी शिंगाच्या टोकावर ठेवायची, तिचं शेपूट ताणून ताणून बारीक करायचं आणि ताणलेलं असतानाच वरून मेण लावलेल्या दोऱ्याचे वेढे द्यायचे. सोडलं की रबर फुगतं आणि दोऱ्याखाली असं गच्च बसतं की बैल लावून ओढलं तरी निघू नये. पण ह्या पद्धतीला चार हात लागतात. दोन ताणायला, दोन बांधायला.

पैलवान हे काम एकटा करायचा, शेपूट दातांत धरून. मग एका गोदामात शिडीवरून पडला आणि पुढचे दोन दात गेले. खोटे बसवले, पण पहिल्याच ओढीला रबराबरोबर दातही बाहेर आले. तेव्हा ह्याला साक्षात्कार झाला की आपल्याला एक बहीण आहे, ती पुस्तकं बांधते, तिच्याकडे मेणाचा दोरा असतो आणि घट्ट वेढे द्यायला बोटं असतात. आला बेचकी घेऊन. दारात उभा राहून म्हणाला, "ताई, जरा दोन हात देतेस?"

मी म्हटलं, "आधी चपला काढ."

अशी सुरुवात झाली. तो खिडकीपाशी स्टुलावर बसायचा, बेचकी गुडघ्यांत दाबायचा आणि दोन्ही हातांनी पट्टी ओढायचा. मी समोर वाकून दोरा गुंडाळायची. डोक्याला डोकं लागायचं. त्याच्या केसांना मशीनच्या तेलाचा वास, माझ्या हातांना खळीचा.

"ताण."

"ताणलंय."

"ह्याला ताणणं म्हणतात? पैलवान म्हणे!"

"हसवू नकोस ताई, सुटेल."

पंधरा-वीस मिनिटांचं काम. मागच्या टोकाला गोळी धरायचं चामडं असतं, ते तो स्वतः घरी बांधून आणायचा. शिंगांचं काम तेवढं माझं. मग मी चहा टाकायची. चहा झाला की तो बोलायला लागायचा. कुठल्या हॉलच्या छपरात घुबड निघालं, कुठला मालक शिडीला घाबरतो, कुठल्या मॅनेजरने वायर उलटी लावून स्वतःच्याच ऑफिसात अंधार केला. आई कशी ओरडायची त्याची नक्कल करायचा. मला हसू आवरायचं नाही. तासभर बसायचा आणि निघायचा. तो गेला की मी त्याचा कप लगेच धुवायची नाही. आता सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो कप तसाच राहू द्यायची.

घोळ एवढाच होता की माझं काम फार चांगलं होतं. जाड दोरा, पुस्तकाच्या पाठीच्या शिवणीला वापरतात तो, वेढ्याला वेढा लागून. असं बांधलेलं रबर दहा-अकरा आठवडे टिकायचं. एकदा तर तीन महिने होऊन गेले. तीन महिने मी जिन्यावर पाऊल वाजलं की कान टवकारायची. सगळी पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबायची. शेवटी मीच फोन केला. विचारलं, "रबर कसं आहे?"

"एकदम फर्स्टक्लास, ताई! तुझ्या हाताला तोड नाही."

मी फोन ठेवला आणि टेबलावरच्या जाड दोऱ्याच्या रिळाकडे बघत बसले. माझ्याच हुशारीने माझा भाऊ माझ्याकडे येत नव्हता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे?

पुढच्या खेपेला मी बारीक दोरा घेतला. पातळ वह्या शिवायचा. रंग तोच, मेण तेच, गुंडाळल्यावर परक्या माणसाला फरक कळू नये. फरक असा असतो की बारीक दोरा रबरात रुततो. प्रत्येक नेमाला थोडा थोडा कापत जातो, पुठ्ठ्यावर बोथट सुरी फिरवावी तसा. तीन आठवड्यांत पैलवान दारात हजर.

"हल्ली रबरच धड मिळत नाही बघ," तो म्हणाला.

"काळच तसा आलाय," मी म्हटलं, आणि चहा टाकला.

असं जवळजवळ वर्षभर चाललं. दर तीन आठवड्यांनी भाऊ. मी बिस्किटांचा डबा आणला, खास त्याच्यासाठी. खिडकीतल्या स्टुलावर उशी शिवून घातली. कामं घेताना मनातल्या मनात हिशेब करायची की बाई, ह्या शनिवारच्या आसपास तुटेल, तेव्हा दुपार मोकळी ठेव. मी सुखात होते. हे लपवण्यात काय अर्थ आहे? त्या वर्षाइतकी सुखात मी लग्नातही नव्हते.

आणि मला एक गोष्ट माहीत होती. ही सांगितल्याशिवाय बाकी सांगून उपयोग नाही. रबर चामड्यापाशी तुटलं तर पुढे उडतं, शिंगापाशी तुटलं तर उलटं तोंडावर येतं. पैलवानानेच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "म्हणून शिंगाचं काम मी कुणालाही देत नाही," असंही म्हणाला होता. मी दर वेळी बांधताना स्वतःला सांगायची की तो निघायच्या आधी रबर तपासतो, चीर दिसली की लगेच आणतो, डोळ्यांत तेल घालून काम करणारा माणूस आहे तो. आणि खरंच पंधरा-सोळा वेळा त्याने तसंच केलं.

पुढच्या वेळी चीर दोऱ्याखाली होती.

तो आला तेव्हा उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. जिना चढताना भिंतीला हात लावत चढला, तो आवाज मला आतून ऐकू आला. म्हणाला, "काही नाही गं, रबर सुटलं. डॉक्टर म्हणतात डोळा वाचला, दहा दिवसांनी पट्टी काढू." मग माझ्या तोंडून जे शब्द फुटले ते ऐका.

"त्या नळीवाल्याला जाऊन चांगला खडसाव," मी म्हणाले. "सडकं रबर विकतो मेला."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या अशा असतात. नळीवाला म्हणजे ज्याच्याकडून पैलवान रबर घ्यायचा तो, पाइप, वॉशर, नळ्या विकणारा. वीस वर्षांची ओळख त्यांची. पैलवान बरा झाल्यावर तुटका तुकडा खिशात घालून खरंच त्याच्याशी भांडायला गेला.

चार दिवसांनी फोन आला. आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

"ताई, मी आता स्क्रूची बेचकी घेतली. शिंगावर पट्टी ठेवायची, वरून पत्र्याचा तुकडा, दोन स्क्रू आवळायचे. दोन मिनिटांत होतं. एकट्याचं काम आहे."

"बरं," मी म्हटलं.

"तुला आता त्रास नाही."

"मला कधी त्रास होता?"

"तसं नाही गं. बरं, ठेवतो. जप हं."

गरज सरो, वैद्य मरो. फोन ठेवून मी हेच म्हटलं, मोठ्याने, रिकाम्या खोलीत. दोन स्क्रू आले आणि बहीण गेली. मला रागच आला आधी. राग सोपा असतो. आपण काय केलंय ते रागाच्या मागे काही दिवस तरी लपून राहतं.

महिना गेला, दोन गेले. मध्येच एका माणसाने खोकं आणून दिलं. आत टेबलावर लावायचा दिवा, लांब वाकणाऱ्या मानेचा, आणि मानेला हे एवढं मोठं भिंग. पाठवणारा पैलवान. चिठ्ठी नाही, काही नाही. मी फोन केला तर म्हणाला, "कामाला बरा पडेल तुला." मला वाटलं, स्वतः यायला नको म्हणून दिवा पाठवला. मी तो खोक्यातून काढलाच नाही. माझी नजर आहे चांगली, मला काय करायचंय भिंग? एकसष्टाव्या वर्षी मी सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते. विश्वास नसेल तर येऊन बघा.

चौथ्या महिन्यात मात्र राहवेना. जिन्यावर पाऊल वाजायचं आणि दुसऱ्या मजल्यावर थांबायचं. दिवसभर मी छापील कागदांचे फर्मे दुमडायची, शिवायची, खळ लावायची, शिकंज्यात आवळायची, आणि संध्याकाळ झाली की लक्षात यायचं की सकाळपासून माझ्या तोंडून एकही शब्द बाहेर पडलेला नाही. एकदा स्टुलावरच्या उशीलाच म्हटलं, "ताण." मग स्वतःचीच भीती वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी उठले आणि नळीवाल्याच्या दुकानात गेले. सबब म्हणून गॅसची नळी घ्यायची होती.

नळीवाल्याने मला बघितलं आणि गल्ल्यावरून उठून बाहेरच आला. माझा दंड धरला. खुर्ची आणून दिली. मग मी बहिरी असल्यासारखा ओरडून बोलायला लागला.

"बसा ताई! ही नळी बघा! हिच्यावर तारीख लिहिलीय! मी वाचून दाखवतो!"

"वाचता येतं मला," मी म्हटलं. "पाच वर्षांची मुदत लिहिलीय. आणि तुमच्या मागच्या पाटीवर 'उधार बंद' मधला 'द' पुसलाय. हात सोडा आधी."

तो गोंधळला. मी विचारलं, "पैलवान येतो का इकडे?"

"येतो ना. आज पोहण्याच्या तलावावर आहे, मोठ्या मैदानामागच्या. दुरुस्ती चालू आहे तिथे." मग जरा घुटमळला. "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. होतं असं. माझ्या आईलासुद्धा शेवटी शेवटी बारीक-जाड कळायचं नाही."

"काय कळायचं नाही?"

आता त्याच्या लक्षात आलं की आपण बोलून बसलो. पण तीर सुटला होता. मी खुर्चीवरून हलले नाही तेव्हा त्याने हळूहळू सगळं सांगितलं. पैलवान त्या दिवशी भांडायलाच आला होता. नळीवाल्याने तुटका तुकडा भिंगाखाली धरला आणि दाखवलं की रबराला काही झालेलं नाही, दोऱ्याने कापलंय, दोराच चुकीचा आहे. पैलवान बराच वेळ तुकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताईला दिसत नाही आता." नळीवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, "तिला कळता कामा नये. तिला वाटेल तिच्यामुळे झालं. आपण दुसरी बेचकी घेऊ." आणि तिथल्या तिथे स्क्रूची बेचकी घेऊन गेला.

मी नळी तिथेच विसरले.

बस दोन बदलाव्या लागतात. दोन्हींमध्ये बसायला जागा होती आणि दोन्हींमध्ये मी उभीच राहिले. सडकं रबर विकतो मेला, असं मी ज्याला म्हटलं त्याने मला खुर्ची दिली होती. आणि ज्याचा डोळा जाता जाता राहिला तो माझ्या मनाला लागू नये म्हणून माझ्यापासून लांब राहिला होता. माझा भाऊ मला विसरला नव्हता. चार महिने तो मला जपत होता, आणि मी चार महिने त्याला शिव्या घालत होते.

तलाव रिकामा होता. पाणी काढलेलं, तळाच्या निळ्या फरशा उघड्या, वर छपराच्या कैच्या, आणि तळाच्या मधोमध माझा भाऊ एकटा, मान वर करून उभा. बाकी कामगार जेवायला गेले असावेत. त्याने बेचकी ताणली, सोडली. गोळी सूं करत कैचीवरून गेली आणि पलीकडे फरशीवर टणकन पडली. मग तो सगळा तलाव ओलांडून तिकडे गेला, गोळी उचलायला. एकट्याचं काम.

"पैलवान!" मी हाक मारली. आवाज सगळीकडून परत आला.

तो धावतच आला. "ताई! तू इथे? कुणी आणून सोडलं तुला?"

"मी काय पार्सल आहे? बस बदलून आले. पाट्या वाचत वाचत."

मी कडेच्या पायऱ्या उतरून तळाला गेले. तो दोन्ही हात पुढे करून उभा, मी पडले तर झेलायला. मी त्याचा डोळा बघितला. बुबुळाशेजारी पांढऱ्यात एक तांबूस डाग राहिला होता, डाळीएवढा. तो रोज आरशात हे बघत असेल, असं मनात आलं.

"मला सगळं दिसतं," मी म्हणाले. "नळीवाल्याने सांगितलं मला."

"तो गाढव आहे," पैलवान म्हणाला. मग लहान मुलाशी बोलावं तसं हसला. "असू दे गं ताई. वय सगळ्यांचंच होतं. मलाही आता लांबचंच दिसतं, जवळचं नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी तर ठरवलंच होतं, हे काम संपलं की दर रविवारी तुझ्याकडे यायचं. तुला डॉक्टरकडे न्यायचं, पेपर वाचून दाखवायचा. एकटीने असं फिरणं आता बरं नाही."

दर रविवारी.

खरं सांगते, मी थांबले. मला काय हवं होतं? हेच हवं होतं. ह्यासाठीच सगळं केलं होतं मी. आता नुसतं गप्प बसायचं, जरा चाचपडत चालायचं, पेपर ऐकायचा. दर तीन नाही, दर एका आठवड्याला भाऊ, मरेपर्यंत. तो बिचारा वाट बघत उभा होता, डोळ्यात तो डाग घेऊन, माझा हात आपल्या हातात धरून.

"मला चष्मासुद्धा नाही," मी म्हणाले. "दोरा मी बघून घेतला होता. बारीकच घ्यायचा म्हणून घेतला. वर्षभर तोच वापरत होते."

त्याला आधी कळलंच नाही. "म्हणजे जाड दोरा संपला होता?"

"नव्हता संपला. जाड दोऱ्याने रबर तीन महिने टिकतं. बारकाने तीन आठवडे. लवकर तुटलं की तू लवकर यायचास."

त्याने माझा हात सोडला नाही, पण त्याच्या हातातला जोर गेला. तळाच्या फरशांवर कुठेतरी नळाचं पाणी ठिबकत होतं.

"शिंगापाशी तुटलं की तोंडावर येतं," तो म्हणाला. अगदी हळू. "हे मी तुला सांगितलं होतं ना, ताई? की विसरली होतीस?"

तिथेही एक दार उघडं होतं. विसरले होते म्हटलं असतं तर त्याने मानलं असतं. त्याला मानायचंच होतं.

"आठवत होतं," मी म्हणाले.

"बांधताना?"

"हो. दर वेळी."

आता त्याने हात सोडला. तो तिथेच फरशीवर बसला, पाय लांब करून, बेचकी मांडीवर. आईने मारल्यावर बसायचा तसा. मला त्याच्या शेजारी बसावंसं वाटलं, पण बसले नाही. तो अधिकार मला राहिला नव्हता.

बेचकीचे स्क्रू चाचपत म्हणाला, "नुसतं ये म्हणायचं होतंस."

"आला असतास?"

माझा भाऊ खोटं बोलू शकत नाही, त्याचा चेहरा आधीच सांगून टाकतो. तो वर कैच्यांकडे बघत राहिला.

"नसतो आलो," तो म्हणाला. "उद्या येतो म्हणालो असतो."

"माहीत आहे मला."

"तरी डोळा माझा होता, ताई."

"हो रे," मी म्हणाले. "तुझा होता. माझ्यामुळे गेला असता. मला माफ कर असं म्हणायला तोंड नाही मला, पण म्हणतेय."

त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. वर कामगारांचे आवाज यायला लागले, डब्यांची झाकणं वाजत होती. तो उठला, फरशीवरची तंगूस बोटांना गुंडाळायला लागला.

"मला हे काम संपवू दे," तो म्हणाला. "तू जा आता. रविवारचं मला काही विचारू नकोस. मला आत्ता काहीच सांगता येत नाही."

"नाही विचारत."

मी पायऱ्यांकडे गेले. त्या रिकाम्या तलावात माझ्याच चपलांचा आवाज मला ऐकू येत होता. मागून गोळी सुटल्याचा आवाज येतो का म्हणून कान देत होते. आला नाही. मी अर्ध्या पायऱ्या चढले तेव्हा त्याची हाक आली.

"ताई. वरची पायरी उंच आहे. सांभाळ."

"दिसते मला," मी मागे न बघता म्हटलं.

"माहीत आहे आता," तो म्हणाला. "तरी सांभाळ."

मी सांभाळून चढले. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फाटकाच्या खांबाला धरून मी रडले, चांगली हमसून हमसून. मग तोंड पुसून बसथांब्यावर जाऊन उभी राहिले. तो रविवारी येईल की नाही, मला माहीत नव्हतं. ह्या वेळी ते ठरवणं माझ्या हातात नव्हतं.